फोडणीतला 'फ' अखेर फुटायचा थांबला

माझ्या रेसिपी व्हिडिओंच्या व्हॉइसओव्हरमध्ये (मागून जोडलेल्या आवाजात) 'फ', 'भ' आले की माइकमध्ये 'भप्प' व्हायचं. मागच्या अपडेटमध्ये ज्या 'भप्प'ने रडवलं होतं, त्याचा निकाल लागला एकदाचा. पिठल्याचा व्हिडिओ काल चढवला आणि हेडफोन लावून अख्खा ऐकला. 'फोडणी', 'भाकरी', 'परतून घ्या', सगळं सरळ गेलं!

मराठीत रेसिपी सांगायची तर या तापातून सुटका नाही. प, फ, ब, भ म्हणताना मिटलेले ओठ उघडतात आणि हवेचा झोत थेट कॅप्सूलवर, म्हणजे माइकमधल्या आवाज टिपणाऱ्या भागावर, आदळतो. ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये त्या जागी लाट टम्म फुगलेली दिसते. ८० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचे खर्जातले आवाज कापणारा फिल्टर) लावून ढिम्म फरक नाही. १२० वर नेला तर भप्प दबला, पण आवाजातला भरीवपणाही गेला. पॉप फिल्टरचं, म्हणजे माइकपुढे लावायच्या जाळीचं, नावच काढू नका. ऑनलाइन मागवला त्याची मान दोन मिनिटांत खाली लोळायची. भरतकामाच्या रिंगमध्ये नायलॉनचा जुना मोजा ताणून बसवला, तो त्याच्यापेक्षा बरा. तरी 'भ' काही ऐकेना.

तोडगा सापडला उदबत्तीत. तोंडासमोर वीतभर अंतरावर धरली आणि 'भाकरी, भाकरी' म्हणत बसले. धुराची रेघ दर वेळी हनुवटीसमोरच विस्कटायची, कपाळासमोर जराही हलत नव्हती. झोत एकाच दिशेने जातो, आवाज चहूकडे पसरतो. मग माइकने वाऱ्यात उभं राहायचंच कशाला? भुवयांच्या वर नेला, त्याचं तोंड खाली ओठांकडे वळवलं, अंतर तेच. झालं. लाटेचं ते उंच टोक गेल्यामुळे आता एकूण लेव्हलही वर घेता येते. यूट्यूब मोठा ऑडिओ -१४ लफ्सच्या (LUFS, आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) आसपास खाली आणतं, हळू ऑडिओ मात्र उचलून देत नाही, त्यामुळे हा फायदा छोटा नाही.

बोलण्याचा रियाज चालू आहे. सकाळी कुकर लावायच्या आधी पेपरातला एक परिच्छेद मोठ्याने, त्याच गेनवर (माइकचा आवाज वाढवायच्या सेटिंगवर), तारीख घालून सेव्ह. जुन्या फायलींत वाक्याच्या शेवटी आवाज पडतो, क्रियापद गिळलेलं असतं. हल्लीच्या फायलींत 'घालायचं' शेवटपर्यंत ऐकू येतं. हे सॉफ्टवेअरमध्ये जोडायच्या कुठल्याही प्लगइनने होत नाही. व्हिडिओ गुरुवारीच, जमेल तसा.

पुढे डी-एसर ('स', 'श'ची शीळ दाबणारं प्लगइन) घेऊन 'सोलून', 'शिजवून' नीट करायचा बेत होता. पण लिहिता लिहिता सुचलं, माइक वरून चालतोय म्हणजे तो फ्रेमबाहेर राहू शकतो! मग व्हॉइसओव्हर हवाच कशाला? ओट्याच्या वर बूम (माइक टांगायचा आडवा दांडा) टाकून थेट बोलत तांबडा रस्सा करू. बोलताना मी कढईकडे बघणार, म्हणजे झोतही खालीच. डी-एसर राहिला, बूम स्टँड आधी, बुधवार पेठेत एक चक्कर मारते. एक्झॉस्ट तेवढ्यापुरता बंद ठेवता येईल. प्रश्न आहे फोडणीच्या वाफेचा आणि तेलकट धुराचा. ओट्यावर कंडेन्सर (जास्त नाजूक जातीचा माइक) टांगलाय का कुणी? त्यावरचा फोम बदलत राहता, की सरळ दणकट डायनॅमिक माइकच घेतला?