आमची वाटचाल: गळका भाता

दोन माणसं, एक उसना माइक आणि एक गळकी पेटी, एवढ्यावर आमचं पार्श्वसंगीताचं काम सुरू झालं. भागीदार वाजवायचा, मी रेकॉर्ड करायचो. भाता दाबला की डाव्या कोपऱ्यातून 'फुस्स' व्हायचं. दुरुस्त करू करू म्हणत राहून गेलं. पुढची आठ वर्षं बरी गेली.

मग यूट्यूबवर क्लेम सुरू झाले, म्हणजे 'हे संगीत आमचं' असे दावे. आमचे लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवायचे छोटे तुकडे, नॉन-एक्सक्लुझिव्ह लायसन्सवर जायचे: एकच तुकडा अनेकांना. एका कंपनीनं त्यातले चार घेतले, वर ड्रम चढवले आणि गाणं आपलं म्हणून यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे जुळणारा आवाज आपोआप शोधून मालकाच्या नावे क्लेम लावणाऱ्या यंत्रणेत, घातलं. असे सर्वांना खुले लूप तिथे घालायला मनाई आहे, पण मशीनला त्याचं काय! आमची पेटी वाजेल तिथे त्यांचा क्लेम, जाहिरातीचे पैसे त्यांना, शिव्या आम्हाला. चोर सोडून संन्याशाला फाशी. हरकत घ्यावी तर उत्तराला 30 दिवस, आणि ती फेटाळायची की मानायची हे क्लेमवालाच ठरवणार! दर वेळी तिसाव्या दिवशी 'फेटाळली'. अपिलात उलटलं तर स्ट्राइक, म्हणजे चॅनलवर कॉपीराइटभंगाचा ठपका; 90 दिवसांत तीन झाले की चॅनलच बंद. ग्राहकांनी मुकाट्यानं आमचं संगीत काढलं. अकरा गेले.

माहितीपट करणाऱ्या एक बाई तेवढ्या हटल्या नाहीत. "मी अपील करते, स्ट्राइक आला तर माझ्या चॅनलवर येईल," म्हणाल्या. आम्ही जुनी हार्ड डिस्क काढली, मूळ सेशन (प्रत्येक वाद्य वेगळं असलेलं रेकॉर्डिंग) उघडलं, नुसती पेटी ऐकली: फुस्स. कंपनीच्या गाण्यात ड्रमखाली कान दिला: त्याच मात्रेला फुस्स! सोबत कंपनीच्याच नावाचं लायसन्सचं बिल जोडलं. सहाव्या दिवशी क्लेम सुटला. दिलगिरीचा एक शब्द नाही. गेलेल्या अकरांपैकी दोघे परतले.

नवीन मंडळींनो, नुसती शेवटची, एकत्र केलेली मास्टर फाइल ठेवून सेशन उडवू नका. बर्न या आंतरराष्ट्रीय कराराच्या 1908 मधल्या दुरुस्तीपासून सदस्य देशांत कॉपीराइट नोंदणीवाचून मिळतो खरा, पण सिद्ध तुम्हालाच करावा लागतो. करारात रचनेचा हक्क वेगळा आणि रेकॉर्डिंगचा वेगळा लिहून घ्या. 'एआयकडून स्वस्तात करून घेऊ' म्हणणाऱ्या ग्राहकाला थेलर खटला सांगा: केवळ यंत्र निर्माता असेल तर कॉपीराइट नाही, असं अमेरिकेतल्या अपील कोर्टानं मार्च 2025 मध्ये म्हटलंय.

परवा एक करार आला. चौदाव्या कलमात बारीक अक्षरात: आमची रेकॉर्डिंग्ज एआय मॉडेल शिकवायला कायमची वापरण्याची मुभा. कलमावर काट मारली, सही केली, परत पाठवला. अजून उत्तर नाही.