गोवळकोटची काठी

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी काहीतरी लिहून दे, असा फोन आला आणि मला सगळ्यात आधी आठवली ती नदीच्या पाण्याची पातळी मोजायची आमची काठी. बांबूची, पांढरा ऑइलपेंट दिलेली, दर दहा सेंटिमीटरला लाल पट्टा ओढलेली, गोवळकोटच्या धक्क्याला काथ्याने घट्ट बांधलेली. तशीच दुसरी काठी वरच्या अंगाला, बहादूरशेख नाक्याच्या पुलाजवळ. दिवाळीनंतर बांधायच्या आणि मिरगाच्या आधी सोडून आणायच्या. पावसाळ्यात आमची वाशिष्ठी नदी कुठलीच काठी जाग्यावर ठेवत नाही.

१९९६ साली मी आठवीत होतो. मुलांनी स्वतः केलेले प्रकल्प मांडायची राष्ट्रीय बालविज्ञान परिषद सुरू होऊन तीनच वर्षं झाली होती आणि आमच्या विज्ञानाच्या बाईंनी पाच जणांचा गट तयार केला. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "पाऊस नसताना आपली नदी चढते का रे?" आम्ही एका सुरात नाही म्हणालो. चिपळूणची पोरं आम्ही. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस बघणाऱ्या आम्हाला नदी चढणं म्हणजे पाऊस, एवढंच ठाऊक. बाईंनी बरोबर किंवा चूक काहीच सांगितलं नाही. "मग मोजून दाखवा," म्हणाल्या.

पावसाचं मोजमाप त्याआधीच सुरू झालं होतं. गच्चीवर पर्जन्यमापक होता, १२७ मिलिमीटर व्यासाचं नरसाळं आणि आत बाटली. हवामान खातं सकाळी साडेआठला नोंद घेतं, म्हणून आम्हीही साडेआठलाच. शाळा अकराची असली तरी ज्याची पाळी असेल त्याने साडेआठला हजर व्हायचं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे किती, हे बाईंनी व्हरांड्यात खडूने एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखून आणि त्यात लिटरभर पाणी ओतून दाखवलं. मग विचारलं, हेच एका चौरस किलोमीटरवर किती? दहा लाख लिटर. हा आकडा फळ्यावर बघून आम्ही गप्प झालो, कारण त्या आठवड्यात एका दिवसात दीडशे मिलिमीटर पडून गेला होता आणि आमची नदी सह्याद्रीच्या कड्यापासून पाणी गोळा करत येते.

१९९७ च्या जुलैतला एक दिवस मी विसरलेलो नाही. पाळी माझी होती. पाऊस असा कोसळत होता की मी अंथरुणातून उठलोच नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन बाटली मोजली आणि आदल्या दिवसाच्या रकान्यात मनाने ४२.६ लिहून टाकलं. दशांश चिन्ह दिलं की खरं वाटेल, असा माझा हिशोब. बाई आदल्या दुपारी गच्चीवर गेल्या होत्या आणि बाटली काठोकाठ भरलेली त्यांनी पाहिली होती. त्यांनी मला सगळ्यांसमोर काही म्हटलं नाही. वही जवळ घेतली, ४२.६ वर लाल शाईने आडवी रेघ मारली, 'नोंद नाही' लिहिलं आणि दुसऱ्या दिवसाच्या आकड्यापुढे कंसात 'दोन दिवसांची बेरीज'. मग मला म्हणाल्या, "पाऊस पडला नाही तर शून्य लिहायचं. मोजलं नाही तर नोंद नाही लिहायचं. दोन्ही वेगळं आहे."

काठ्यांचं काम हिवाळ्यात सुरू झालं. सकाळी सात आणि संध्याकाळी साडेपाच अशी दोनदा नोंद, रविवारी दिवसभर दर अर्ध्या तासाला. पाण्यात पाय घालायचा नाही, हा नियम कडक होता. वाशिष्ठीत मगरी आहेत. धक्क्यावरूनच वाकून बघायचं, तेही दोघांनी मिळून.

जानेवारीत थेंबभर पाऊस नसताना दोन्ही काठ्यांवर पाणी वरखाली होत होतं. आलेखाच्या कागदावर ठिपके जोडले तेव्हा गोवळकोटचा आलेख डोंगररांगेसारखा दिसला. पण ते डोंगर रोज एका वेळेला येत नव्हते. आज दहाला, उद्या पावणेअकराला, परवा साडेअकराला. आम्हाला वाटलं आमचीच घड्याळं मागेपुढे आहेत. तिथे जाळं दुरुस्त करत बसलेले भोई आळीतले एक काका आमची गंमत रोज बघायचे. ते म्हणाले, "पोरांनो, घड्याळ कसलं बघता? आज तिथी कुठली ते सांगा." तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता समुद्राला भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. वरती इथे यायला पाण्याला वेळ लागतो, तो आणखी धरा. अमावास्या-पुनवेला उधाण, अष्टमीला भांगाची, म्हणजे सगळ्यात लहान भरती. आम्ही वही उघडून पडताळलं. काकांचा हिशोब बसत होता, आणि दाभोळला नदी समुद्राला मिळते त्या तोंडापासून आमच्या काठीपर्यंत भरती पोचायला लागणारा वेळ आमच्या वहीप्रमाणे दीड ते दोन तास निघाला. चंद्र रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येतो, हे भूगोलाच्या पुस्तकात वाचलं होतं. ते बांबूच्या काठीवर उतरलेलं तेव्हा पाहिलं.

बहादूरशेख नाक्याच्या काठीचं मात्र कोडं सुटेना. तिथे चंद्राला दाद नव्हती. पाणी चढायचं ते घड्याळाप्रमाणे, रोज साधारण त्याच सुमाराला, आणि सणासुदीला वेगळं वागायचं. बाईंनी एवढंच विचारलं, "तुमच्या घरी दिवे कधी लागतात?" मग ट्यूब पेटली. कोयना ही सह्याद्रीच्या पलीकडची नदी, तिचं पाणी एरवी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला गेलं असतं. ते डोंगराच्या पोटातून पोफळीला उतरवतात, वीज करतात, कोळकेवाडीला पुन्हा वीज करतात आणि मग ते वाशिष्ठीत येतं. असं वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) पाणी पश्चिमेकडे वळवायची मुभा आहे. राज्यात विजेची मागणी वाढली की जनित्रं फिरतात आणि काही तासांनी आमच्या काठीवरचा लाल पट्टा पाण्याखाली जातो. म्हणजे आमच्या उन्हाळ्यातल्या नदीला एका बाजूने चंद्र ओढत होता आणि दुसऱ्या बाजूने सगळ्या महाराष्ट्राचे दिवे. चौदाव्या वर्षी हे स्वतः शोधून काढल्याचा आनंद मला पुढे कशातच मिळाला नाही. १३ मार्च १९९९ ला कोयनेच्या चौथ्या टप्प्यासाठी जलाशयाच्या तळाला स्फोट केला, ती बातमी दहावीच्या परीक्षेच्या महिन्यात आली. आमच्या गटातले पाचही जण पेपर सोडून त्याच गप्पा मारत होते.

जिल्ह्याच्या फेरीत परीक्षकांनी वही चाळून विचारलं, "मध्ये मध्ये रकाने रिकामे का?" आमची गटप्रमुख म्हणाली, "त्या दिवशी मोजलं नाही, सर." ते बराच वेळ ती पानं बघत राहिले.

बाई आम्हाला डोंगरातल्या पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावरही नेत. दगड उलटा करून त्याच्या खालच्या बाजूला भिंगातून बघायचं. तीन शेपट्यांच्या, पोटाच्या कडेला कल्ले हलवणाऱ्या चिमुकल्या अळ्या, वाळूचे कण चिकटवून स्वतःचं घर करणारे किडे. शहरातून आलेल्या नाल्याच्या तोंडाशी तोच दगड उलटला की खाली फक्त लालबुंद अळ्या. प्राणवायू कमी असलेल्या गाळात त्या तग धरतात, त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं. कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय पाण्याची तब्येत कळायची.

मी पुढे विज्ञान शिकलो नाही. बाजारपेठेतलं कापडाचं दुकान सांभाळतो. २००५ च्या जुलैच्या पुरात शाळेच्या तळमजल्यावरचं कपाट गेलं आणि त्यात आमच्या वह्या होत्या. पण २२ जुलै २०२१ च्या पहाटे दुकानात पाणी शिरलं तेव्हा मी जिन्यावर बसून बोटांवर हिशोब केला. आषाढ शुद्ध त्रयोदशी. तेराची पाऊणपट पावणेदहा. वरचे दीड-दोन तास धरले तर साडेअकरापर्यंत खाडी पाणी आत घेणार नाही, आणि डोंगरात अजून कोसळतोय. घरच्यांना आणि शेजारच्यांना सांगितलं, दुपारपर्यंत उतार पडेल या आशेवर कुणी खाली उतरू नका. गठ्ठे वाचवायला खाली गेलो असतो तर काय झालं असतं, याचा विचार आजही नको वाटतो.

पाणी ओसरल्यावर सगळे भिंती धुवायला लागले. मी आधी मोजपट्टी आणली. चिखलाची रेघ जमिनीपासून सात फूट पाच इंचांवर होती. खिळ्याने खूण केली, शेजारी तारीख लिहिली आणि मग पाणी मारलं. गल्लीतल्या अकरा दुकानांत जाऊन तेच केलं. आता निळ्या आणि लाल पूररेषेची चर्चा होते. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर आणि शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर. त्या रेषा आखायला वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात. माझं ठाम मत आहे की अशा नोंदी ठेवायला शाळेसारखी जागा नाही. योजना येतात-जातात, शाळेत दर जूनला नवी आठवी येते.

मुख्याध्यापकांशी बोलणं झालंय. नवा पर्जन्यमापक गच्चीवर बसवायचा आहे, त्याचा खर्च आमच्या बॅचने उचललाय. एक विनंती मात्र सगळ्या माजी विद्यार्थ्यांना आहे. गटातल्या प्रत्येकाने तेव्हा वहीची नक्कल स्वतःकडे ठेवली होती. माझी पुरात गेली. कुणाच्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत १९९७ च्या जुलैची नक्कल सापडली तर कृपया शाळेत आणून द्या. ओळखायची खूण सांगतो. एका रकान्यात ४२.६ वर आडवी रेघ असेल आणि शेजारी 'नोंद नाही' लिहिलेलं असेल.