मुंगी, भुलभुलैया आणि माझा 0.66

एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या सेमला सरांनी प्रोजेक्ट दिला, पर्कोलेशन क्लस्टरवर रँडम वॉक, म्हणजे काही घरं बंद केलेल्या ग्रिडवर एकमेकांना जोडलेल्या उघड्या घरांच्या गटात (क्लस्टर) दिशा नशिबावर सोडून चालणं. म्हटलं पायथनच्या पन्नास ओळी, दोन दिवसांत उरकेल. दीड महिना गेला राव.

मोकळ्या ग्रिडवर मुंगी सोडायची, दर स्टेपला चारपैकी एक दिशा, तर सरासरी अंतराचा वर्ग स्टेप्सच्या प्रमाणात वाढतो, लॉग-लॉग ग्राफला स्लोप 1. हे पहिल्याच दिवशी आलं. मग रँडमली घरं बंद करत जायचं आणि साधारण 59.27 टक्केच उघडी ठेवायची, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत वाट जेमतेम मिळते तो उंबरठा. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ द जेननी 1976 साली यालाच भुलभुलैयातली मुंगी म्हटलं होतं. वाटेत बोळकांडी नि बंद गल्ल्या, मुंगी परत परत मागे येते, म्हणून स्लोप 0.70 च्या आसपास यायला हवा. माझा 0.66!

सीड (रँडम आकडे जिथून सुरू होतात तो आकडा) बदलला, रन वाढवले, आंधळ्या मुंगीऐवजी (भिंतीला धडकली तर जागेवरच, पण स्टेप मोजायची) आधी बघून मोकळ्या घरातच जाणारी घेतली, तरी लांब पल्ल्याला तेच. कोडमध्ये बग शोधून शोधून डोळे गेले.

शेवटी वैतागून सरासरी सोडून एकच मुंगी प्लॉट केली तर बाईसाहेब 7 घरांच्या खोपच्यात, लाख स्टेप्स तिथल्या तिथे! मी मुंगी कुठल्याही उघड्या घरात सोडत होतो, त्यामुळे असल्या बंद खोपच्यांमधल्या मुंग्या सरासरी खाली ओढत होत्या. मग होशेन-कोपेलमन अल्गोरिदम लावून सगळ्या क्लस्टरना नंबर दिले आणि सर्वात मोठ्यावरच मुंग्या सोडल्या. स्लोप चढला, पण शेवटी ग्राफ आडवा पडायला लागला, कारण 200 बाय 200 च्या ग्रिडमध्ये मुंग्या कडेला पोचत होत्या. ग्रिड 1000 ची केली, नंबा (पायथन वेगात पळवणारी लायब्ररी) टाकलं, लॅपटॉप रात्रभर फॅन घरघरवत बसला, सकाळी 0.69.

नाचत सरांकडे गेलो. त्यांनी जुना ग्राफ मागितला, जरा वेळ बघितला आणि म्हणाले, "अरे, हा पण बरोबरच आहे, सगळ्या क्लस्टरांवर सरासरी घेतली की 0.66 च यायला पाहिजे. दोन्ही टाक रिपोर्टमध्ये."

डिलीट केला नव्हता म्हणून वाचलो.