मोठमायचं सूप

लिहिलेलं काहीही मी आधी मोठमायला वाचून दाखवतो. तिला साहित्याची जाण आहे म्हणून नव्हे. फेब्रुवारीत तूर घरात येते आणि डाळ करण्याआधी ती निसायला मोठमाय दुपारभर ओसरीत बसते, म्हणून. ऐकणारा उठून जाणार नाही, एवढी खात्री लिहिणाऱ्याला पुरते.

ती ऐकते की नाही, हे तिच्या तोंडाकडं बघून कळत नाही. सुपाकडं बघावं लागतं. गोष्ट रेंगाळली की बोटं भराभर चालतात; खडे, फोलपटं, किडके दाणे बाजूला पडत राहतात. गोष्टीनं धरलं की हात तुरीतच राहतो. मी समासात पेन्सिलीनं खुणा करतो. हात थांबला तिथं टिंब, निसणं चालू तिथं आडवी रेघ. मागच्या वर्षी एका कथेच्या 6 पानांवर नुसत्या रेघाच होत्या. तूर मात्र त्या दिवशी लय स्वच्छ निघाली.

त्या कथेत पाऊस होता. दीड पान. मला तो फार आवडायचा.

‘किती दिवसाचा पाऊस हाय रे बाप्पा तुह्या गोष्टीत?’ ती म्हणाली. ‘कपाशी सडली नं माह्यी.’

चार ओळींवर आणला. जीव गेला, पण आणला.

एकदा ब्रह्मपुरीकडं झाडीपट्टीचं नाटक पाहिलं होतं. दिवाळीपासून होळीपर्यंत तिकडं नाटकांचा हंगाम असतो. वडशाच्या कंपन्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियातल्या गावोगावी जातात आणि रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेवर येतं. प्रवेश लांबला की माणसं ब्लँकेट झटकून चहाला उठतात, गाणं लागलं की परत. तिथल्या लेखकाला पेन्सिल लागत नसेल.

यंदा शॉर्ट फिल्मची पटकथा लिहिली. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, असा ढोबळ हिशेब असतो. फिल्म 12 मिनिटांची, माझी पानं 19. शिवाय कॅमेऱ्याला दिसेल आणि कानाला ऐकू येईल, तेवढंच लिहायचं. आणि मी तर झोकात लिहून बसलो होतो : ‘घरात शिरताच त्याला बापाची आठवण दाटून येते.’

‘याची शूटिंग होनार हाय म्हनते नं तू? मंग आठवन आली ते दिसंन कशी?’

मला उत्तर सुचेना. तिनं खडा उचलून टाकला.

‘तुह्ये मोठे बाबा गेले, तवा तेयची चुन्याची डबी होती फडताळात. चुना वाळते नं. मी वर्षभर पानी टाकत होती त्यात. खानारं कोनी नोतं.’

पुढचं वाचायचं राहूनच गेलं. बऱ्याच वेळानं विचारलं, हे फिल्ममधे घेऊ का?

‘घे नं. डबी थोडीच मांगून राह्यला.’

पुढचे आठ दिवस खोडाखोडीत गेले. मुलाचा बसमधला प्रवास गेला, मित्राशी पारावरचं बोलणं गेलं (त्यात दोन चांगले विनोद होते, तेही गेले), आठवण गेली. डबी आली. मग परत ओसरी, परत सूप.

‘तो फडताळातली डबी उघडतो. चुन्याला भेगा पडल्यात. तांब्यातून पाणी ओततो. डोळे पुसतो.’

हात थांबला होता. मी टिंबासाठी पेन्सिल टेकवली.

‘तांब्यातून?’ मोठमाय म्हणाली. ‘पातळ नाही होनार का चुना? बोटानं दोन थेंब टाका लागते. आन् डोये कायले पुसते? पानी टाकलं नं त्यानं.’

मी दोन्ही वाक्यं खोडली आणि लिहिलं, ‘बोटानं दोन थेंब.’

तिनं सूप पुढं ओढलं.

‘वाच मंग पुढचं.’