पाहुणे गेले की येईल

दत्तक दिलेली घुमी मांजर पाचव्या दिवशी आमच्या शेल्टरमध्ये परत आली. बास्केटवर मीच घातलेली चादर, आणि आत ती कोपऱ्यात तोंड खुपसून बसलेली. आणून देणाऱ्या बाई काही वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "ताई, पाच दिवसांत आम्ही हिची फक्त शेपटी पाहिली. मुलगा रोज रडतोय." मुलाच्या मनगटावर दोन ओरखडे होते, फ्रिजमागून ओढून काढायला गेला होता. घुमीला रेबीजची लस दिलेली होती, तरी त्यांना आधी डॉक्टरकडे पाठवलं. मग फॉर्म काढून पाहिला. स्वभावाच्या रकान्यात माझ्याच अक्षरात होतं : 'थोडी लाजाळू'.

लाजाळू! आमच्या कामातला हा सगळ्यात सोयीचा शब्द. लग्न जमवताना 'मुलगा जरा मितभाषी आहे' म्हणतात, त्यातला. शेल्टर तुडुंब भरलेलं होतं, घर चांगलं वाटलं आणि मी घाई केली. ते ओरखडे माझ्याच खात्यावर.

घुमी साधारण सहा वर्षांची, तिरंगी. (तिरंगी म्हटलं की मादी हे आम्ही गृहीतच धरतो, त्यात बोका निघणं फारच विरळा.) कोथरूडच्या एका आजींची. आजी गेल्या, घर रिकामं करायला माणसं आली, तेव्हा ती वॉशिंग मशीनच्या मागे सापडली. आमच्याकडे पहिले दोन दिवस अन्नाला शिवली नाही. अंगाने भरलेलं मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की यकृतात चरबी साठायला लागते आणि मग फार अवघड होऊन बसतं, त्यामुळे आम्ही अक्षरशः तास मोजत होतो. तिसऱ्या पहाटे वाटी चाटून पुसून लख्ख! ती रानटी आहे की नुसती घाबरलेली, याचा निकाल मात्र आमच्या झाडणाऱ्या मावशींनी लावला. त्यांनी जेवायला स्टीलचा डबा उघडला, झाकणाचा 'टक्' आवाज झाला आणि खोक्यातून दोन कान बाहेर आले. "घरचीच आहे गं," मावशी म्हणाल्या, "डबा ओळखते."

खोका आम्ही मुद्दाम देतो. नेदरलँड्समधल्या एका शेल्टरमध्ये १९ मांजरांवर हे करून पाहिलं होतं. लपायला खोका मिळालेली मांजरं लवकर सावरली, असं २०१४ साली छापून आलंय. पण रविवारी मांजर बघायला येणाऱ्यांना खोकाच दिसतो, मांजर दिसत नाही. मग ते पुढच्या पिंजऱ्यातल्या पिल्लांकडे सरकतात. घुमीसमोर कोणी थांबेना.

दसरा झाला आणि एका रविवारी कापडी पिशवी घेतलेले एक काका आले. एकटे, शनिवार पेठेत जुन्या वाड्यात दोन खोल्या, नोकरी आरएमएसमधली, म्हणजे टपालखात्याच्या रेल्वे डाक सेवेतली. आयुष्यभर चालत्या रेल्वेत रात्री जागून पत्रं लावलेली. मी विचारलं, "मांजर कशासाठी हवंय?" हा प्रश्न मी सगळ्यांनाच विचारते आणि बहुतेक जण 'कंपनी', 'मुलांना आवड' असं काहीतरी सांगतात. काका जरा थांबून म्हणाले, "घरात कोणीतरी वावरतंय एवढं कळलं तरी पुरे."

या वेळी मी काहीही झाकलं नाही. फ्रिज, ओरखडे, शेपटी, सगळं सांगितलं. कदाचित सहा महिने ती तुमच्या मांडीवर येणार नाही. कदाचित कधीच येणार नाही. तिला एकच खोली द्यायची, खिडकीला जाळी बसवायची, पलंगाखाली खोका. पकडायचं नाही, ओढायचं नाही, टक लावून बघायचं नाही. नजरानजर झालीच तर डोळे सावकाश मिटायचे आणि सावकाश उघडायचे. मांजराला त्यातून कळतं की हा माणूस अंगावर येणारा नाही. काकांनी लगेच माझ्याकडे बघून तीनदा डोळे मिटून दाखवले. "जमतंय का?" मला हसू आवरेना.

"मग आज नेऊ?"

"काका, दिवाळी तोंडावर आलीय. पेठेतले फटाके..."

"हां, ते खरं. थांबू की. मला कुठे गाडी गाठायचीय?"

मी मनात म्हटलं, आता हे येत नाहीत. पण पुढचे तीन रविवार ते आले. पिंजऱ्याशेजारी स्टूल ओढायचे, पिंजऱ्याकडे पाठ करायची आणि हळू आवाजात पेपर वाचायचा. बातम्या नाहीत, छोट्या जाहिराती. 'देणे आहे, तळमजला, पाण्याची सोय.' तिसऱ्या रविवारी घुमीने खोक्याच्या तोंडाशी हनुवटी टेकवली. काकांना ते दिसलं नाही, पाठ होती ना. मी सांगितलं, तर मागे न वळताच ते पुढची जाहिरात वाचू लागले. त्याच क्षणी माझं ठरलं.

घरी नेल्यावर त्यांनी वही घातली. दर रविवारी पानाचा फोटो मला पाठवायचे. आरएमएसचं अक्षर, वेळ मिनिटासकट. 'प. ३.१० : वाटी वाजली.' 'रा. ११.४० : पलंगाखालून निघून दारापर्यंत. मी झोपेचं सोंग.' सत्ताविसाव्या दिवशी : 'दु. १.०५ : डबा उघडला. आली. माझ्यापासून चार फरशा.' पुढे दोन महिने फरशा मोजणं चाललं होतं. एकदा तीनाच्या पुन्हा सहा झाल्या. खाली कोणाच्या तरी लग्नाची वरात गेली होती.

पाचव्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले. पलंगावर तिरंगी केसांचा गालिचाच झाला होता. मांजर कुठेच नव्हतं.

"कपाटावर," काका कुजबुजले. "तुमची चप्पल जिन्यात वाजली तेव्हाच गेली. वर बघू नका."

मला जरा लागलंच. दोन वेळा औषध पाजलंय मी तिला, रात्री बसलेय तिच्यापाशी.

"अहो, तुम्ही पाहुण्या," काका चहा गाळत म्हणाले. "पाहुणे गेले की येईल."

मी वर न बघता चहा घेतला आणि निघाले. लकडी पुलाशी पोचते तोवर मोबाइल वाजला. वहीचं पान. 'सं. ५.२२ : मॅडम गेल्या. ५.२६ : खाली उतरली. तुमच्या कपाला तोंड लावलं.'