राष्ट्रीय फुटबॉल संघाची जर्सी: सुरुवात पाठीवरच्या नंबरापासून

नवी जर्सी जाहीर होते तेव्हा फोटो समोरून काढलेला असतो. मग बोलणंही कॉलर, छातीवरची नक्षी आणि ती कुठल्या जुन्या जर्सीसारखी दिसते यावरच होतं. डिझाइन करणाऱ्याने मात्र आधी पाठ काढावी. फिफाच्या नियमांप्रमाणे पाठीवरचा नंबर 25 ते 35 सेंटिमीटर उंच लागतो, छातीवरचा आणि चड्डीवरचा 10 ते 15. वर खेळाडूचं नाव. एवढं बसवलं की मागे नक्षीला जागा उरते ती बगलेखालची आणि कंबरेजवळची.

क्रोएशियाचे लाल-पांढरे चौकडे हे यातलं सगळ्यात अवघड प्रकरण. लाल नंबर लाल चौकटीत हरवतो, पांढरा पांढऱ्यात. झेंड्यातला तिसरा रंग निळा असल्यामुळे निभावतं. तरीही चौकोनाची रुंदी नंबराच्या रेघेएवढी झाली की 3 आणि 8 लांबून सारखेच दिसतात. चौकोन रेघेपेक्षा बरेच मोठे ठेवावेत, नाहीतर पाठ सपाट एका रंगाची करावी. अर्जेंटिनाच्या आकाशी-पांढऱ्या पट्ट्यांवर काळा नंबर उठून दिसतो, तिथे एवढी कसरत लागत नाही.

आकड्यांचा फाँट हे वेगळं काम आहे, आणि ते शेवटच्या आठवड्यावर ढकललं की घात होतो. 2024 च्या जर्मन जर्सीत 4 चं वळण असं होतं की 44 लिहिल्यावर नाझींच्या एसएस या निमलष्करी दलाच्या चिन्हाची आठवण व्हावी. एप्रिलमध्ये आदिदासने 44 छापून देणं थांबवलं आणि जर्मन फुटबॉल संघटनेने 4 नव्याने काढून घेतला. संघटनेने सांगितलेली पद्धत वाचण्यासारखी आहे: 0 ते 9 हे आकडे तपासायचे आणि 1 ते 26 हे नंबर युएफाकडे, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाकडे, पाठवायचे. स्पर्धेतल्या संघाला तेवढेच लागतात. पण दुकानात चाहता हवा तो नंबर मागतो. त्यामुळे 00 ते 99 अशा सगळ्या जोड्या खऱ्या मापात छापून, भिंतीवर लावून, वीस-पंचवीस पावलांवरून बघायलाच हव्यात. एका दुपारचं काम आहे.

रंग ठरवताना दोन्ही संघांच्या जर्सींचा फोटो शेजारी ठेवून कृष्णधवल करून बघावा. 2018 च्या वर्ल्ड कपचा पहिलाच सामना रशिया लाल आणि सौदी अरेबिया हिरव्या जर्सीत खेळले. ज्यांना लाल-हिरवा फरक दिसत नाही त्यांना पास कोणी कोणाला दिला ते कळेना. एक किट गडद आणि एक फिकं, हे पथ्य सौंदर्यापेक्षा मोठं आहे.

आता कापड. नक्षीदार जर्सी बहुधा सब्लिमेशनने होते, म्हणजे उष्णतेने शाई कापडातच मुरवून. 130 ते 150 जीएसएमचं (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचं) पॉलिस्टर घ्यायचं, डिझाइन ट्रान्सफर पेपरवर छापायचं आणि साधारण 200 अंश सेल्सिअसवर 40 ते 60 सेकंद दाबायचं. या उष्णतेत कापड आकसतं. दोनच टक्के धरलं तरी 75 सेंटिमीटर लांबीत दीड सेंटिमीटर जातं, आणि उभं-आडवं सारखं जात नाही. मग बगलेच्या शिलाईवर पुढचा आडवा पट्टा मागच्याला जुळत नाही. आधी कोरा तुकडा दाबून आकस मोजावा, फाइल तेवढी वाढवावी, आणि कटिंग छपाईनंतर करावं. शिवाय प्रत्येक मापाची फाइल स्वतंत्र हवी. मीडियमचीच ताणून एक्सएल केली की पट्टे जाड होतात आणि बोधचिन्हही फुगतं.

उष्णता, दाब आणि वेळ, या तिन्हींवर ताबा हवा. 19 जून 2016 ला फ्रान्समधल्या लील इथे फ्रान्सविरुद्ध स्वित्झर्लंडच्या जर्सी मैदानातच टराटरा फाटल्या. त्या बनवणाऱ्या प्यूमाने नंतर कारण दिलं ते हेच: उत्पादनात हे तीन नीट न सांभाळल्यामुळे एका लॉटमधला धागा कमकुवत झाला होता.

नंबर चिकटवतानाही हाच धोका दुसऱ्या रूपात येतो. लाल किंवा मरून पॉलिस्टरवर पांढरं विनाइल (नंबर कापायचा प्लास्टिकचा पातळ पत्रा) 150 अंशांवर पंधरा सेकंद दाबलं की कापडातला रंग उष्णतेने सुटून वर चढू लागतो. प्रेसवरून काढताना नंबर पांढराशुभ्र, दोन दिवसांनी गुलाबी. यावर रंग अडवणारा राखाडी थर असलेलं विनाइल घ्यावं किंवा 130 अंशांच्या आत चिकटणारं. नमुना दाबून दोन दिवस ठेवल्याशिवाय पूर्ण लॉट हाती घेऊ नये.

राष्ट्रीय संघाला नंबर नंतरच लावावे लागतात, कारण खेळाडू शेवटपर्यंत बदलतात. कोल्हापुरातल्या तालमीच्या फुटबॉल संघाला ती अडचण कमी. यादी पक्की असेल तर नंबर पाठीच्या पॅनेलबरोबरच छापून घ्यावा: पांढरा नंबर म्हणजे शाई न लागलेलं कापड, त्यामुळे तो गुलाबीही होत नाही आणि धुताना सुटतही नाही.