पिशवी उघडल्यानंतर

“त्याला पाणी मानवलं नाही,” एवढेच सांगून दुकानदाराने आज भाच्याचा फोन ठेवला. काल सायंकाळी आणलेला निळा टँग हा समुद्री शोभेचा मासा सकाळी टाकीच्या तळाशी आडवा पडला होता. रंग मात्र जसाच्या तसा.

हे उत्तर दिवसभर खटकत राहिले. बंद पिशवीत माशाच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याचा सामू (पीएच) उतरतो, म्हणजे ते आम्लतेकडे झुकते, आणि त्याने सोडलेला अमोनिया बहुतांशी कमी विषारी अमोनियमच्या रूपात राहतो. पिशवी उघडताच वायू निघून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया कल्ल्यांना इजा करू लागतो. म्हणूनच लांबच्या प्रवासातून आलेल्या माशाला त्याच पाण्यात तासभर रुळवत ठेवणे, हेतू कितीही चांगला असला तरी, घातक ठरू शकते.

कधी घाव त्याही आधी, समुद्रातच बसलेला असतो. फिलिपाईन्समध्ये १९६० च्या दशकापासून प्रवाळांत लपलेले मासे सायनाइडने गुंगवून पकडले गेले आणि बंदी असूनही हा प्रकार पुरता थांबलेला नाही. असा मासा दुकानात धडधाकट दिसतो आणि काही दिवसांनी दगावतो.

मासा कुठून आला, कसा पकडला आणि दुकानात नीट खातो का, हे आपण पैसे देण्यापूर्वी का विचारत नाही?